उत्तरेच्या वाऱ्याची सरासरी

माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं भांडण उत्तर दिशेवरून झालं. भांडण म्हणजे हमरीतुमरी नव्हे. सरकारी कचेरीत बाईमाणसाला जेवढा आवाज चढवता येतो, तेवढाच चढवला. पण आज मागं वळून पाहिलं की बढत्या-बदल्या काही आठवत नाहीत, ही एक दिशाच आठवते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कृषी संशोधन केंद्रावर सांख्यिकी सहायक होते. दारव्ह्याला माहेरी गेले की आई शेजारणींना कौतुकानं सांगायची, "पोरगी सरकारी नोकरीत आकडे लावते." शेजारणी दचकायच्या. आमच्या भागात आकडे लावणं हा वेगळाच उद्योग आहे आणि त्याला सरकारी नोकरी कोणी म्हणत नाही. शेवटी मीच समजावून सांगायची, की प्रयोगाच्या शेतातलं उत्पादन, पाऊस, ऊन, वारा असं सगळं मोजून येतं, त्याचा मी हिशेब लावते आणि त्यातून काय निघतं ते साहेबांना सांगते. "मंग साहेब काय करतात?" एका म्हातारीनं विचारलं होतं. ह्या प्रश्नाचं उत्तर मी सेवानिवृत्तीपर्यंत शोधत होते.

बेरीज करायची आणि भागायचं, म्हणजे सरासरी. एवढं चौथीतलं पोरगंही सांगतं. पण काही आकडे सरळ पट्टीवर बसत नाहीत, ते गोल फिरतात. घड्याळाची वेळ गोल फिरते, वर्षाचे महिने गोल फिरतात, वाऱ्याची दिशाही तशीच. तीनशेएकोणसाठ अंशांच्या पुढं तीनशेसाठ येतं आणि तेच शून्य असतं. उत्तर म्हणजे शून्य आणि उत्तर म्हणजेच तीनशेसाठ. अशा आकड्यांची नेहमीसारखी सरासरी काढली, की ती हसत हसत तोंडघशी पाडते.

पहिल्यांदा हे मला एका ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरनं दाखवलं. ती माझी मैत्रीण. तिचं म्हणणं, त्यांच्याकडं बाळंतपणं बहुतेक मध्यरात्रीच्या आगेमागे होतात आणि तेव्हा हाताखाली एकच बाई असते. तिनं वरती कळवलं. वरच्यांनी जन्माच्या वेळा मागवल्या, त्यांची सरासरी काढली आणि जादा बाई दिली ती भरदुपारी. आता रात्री तेवीस वाजता, म्हणजे अकराला, एक बाळ झालं आणि एक वाजता दुसरं, तर तेवीस आणि एक चोवीस, भागिले दोन, बारा. दुपारचे बारा. ती जादा बाई बिचारी रोज दुपारी रिकाम्या खाटांवरच्या चादरी सारख्या करत बसायची. सिस्टर मला म्हणाली, "तुमच्या गणितानं बाळायले दुपारी याचं सांगतलं, पण त्यायनं काही ऐकलं नाही."

मी वेळा परत मांडून दिल्या आणि सिस्टरला मध्यरात्री माणूस मिळालं. मला वाटलं, झालं, आता आपण तज्ज्ञ. मग दारव्ह्याच्या बाजारातले एक बैलांचे व्यापारी आले. आमच्या वडिलांच्या ओळखीचे, जाडजूड, बोलायला गोड. त्यांची अडचण अशी, की विकलेला बैल कधीकधी पहिल्याच रात्री दावं तोडून पळतो आणि आपल्या जुन्या गावाकडं निघतो. गिऱ्हाईक येऊन यांच्या दारात बसतं. त्यांनी कोणता बैल कुठल्या दिशेला सापडला हे लक्षात ठेवलं होतं आणि आता त्यांना एकच माणूस ठेवायचा होता, तो कुठल्या वेशीवर ठेवू ते सांगा म्हणाले.

मी मांडून पाहिलं. निम्मे बैल पूर्वेला गेले होते, निम्मे पश्चिमेला. अशा वेळी माझी रीत साधी आहे. अंगणाच्या मध्यात उभं राहायचं आणि प्रत्येक नोंदीमागं त्या दिशेला एक पाऊल टाकायचं. सगळी पावलं झाली, की सुरुवातीच्या जागेपासून आपण कुठल्या अंगाला आलो ती सरासरी दिशा. आणि किती लांब आलो यावरून कळतं, की ती दिशा कितपत खरी. कागदावर हे साइन आणि कोसाइननं होतं, पण पावलांनीही तेच होतं. व्यापाऱ्यांच्या बैलांची पावलं टाकली तर मी फिरून जिथं होते तिथंच आले.

"काका," मी म्हटलं, "सरासरीनं तुमचा बैल घरीच आहे."

"मंग तो दिसून काहून नाही राह्यला?" ते म्हणाले.

दोन वेशींवर दोन माणसं ठेवा, सरासरी काढू नका, असं मी सांगितलं. ते खूश झाले नाहीत. एवढं शिकून मुलगी दोन माणसांचा खर्च सांगते, असं त्यांनी वडिलांना बोलून दाखवलं म्हणे.

तर असं हसतखेळत चाललं होतं. मग कापसाची ती वाईट वर्षं आली. बोंडअळी कुठल्याच औषधाला दाद देईना, तरी लोक फवारत होते. पंप पाठीवरून उतरत नव्हता. कापसाला पर्याय द्या, असं वरून सुरू झालं आणि जिल्ह्यात योजनांचा पाऊस पडला. कुणी गाई वाटल्या, कुणी कोंबड्या, कुणी आणखी काय. त्यातच रेशमाची योजना आली. तुतीची झाडं लावायची, त्यांच्या पाल्यावर रेशमाच्या अळ्या पोसायच्या आणि अळ्यांनी कोष विणले की ते विकायचे.

योजनेचे अधिकारी ठोंबरे साहेब तरुण, सज्जन आणि कष्टाळू. मोटारसायकलवर गावोगाव हिंडायचे. त्यांना एक गोष्ट पक्की माहीत होती, की कापसावरचं औषध वाऱ्यानं उडून तुतीच्या पाल्यावर बसलं आणि तो पाला अळ्यांनी खाल्ला, तर अख्खं पीक गेलं. म्हणून तुती कापसाच्या त्या अंगाला लावायची, जिकडून वारा येतो. त्यांनी आमच्या केंद्रावरच्या वाऱ्याच्या नोंदी नेल्या, नव्या आलेल्या संगणकात भरल्या आणि हंगामाप्रमाणं वाऱ्याच्या दिशेचा एक रंगीत नकाशा तयार केला. भिंतीवर लावला की कचेरीला शोभा यावी असा.

तो नकाशा मी पावसाळा सरताना पाहिला. नोव्हेंबरच्या खणात वारा दाखवला होता एकशेऐंशी अंश, म्हणजे थेट दक्षिणेचा.

मला आधी हसू आलं. आमच्या केंद्राच्या उत्तरेला कापसातली सरकी काढायचं जिनिंग होतं. दिवाळी झाली की तिथली रुई उडून आमच्या खिडकीतून आत यायची, टेबलावर बसायची, चहाच्या कपात पडायची. आमचा चपराशी चहा देताना वर बशी झाकून आणायचा. वारा दक्षिणेचा असता तर हा सगळा कापूस जिनिंगच्या मालकाच्या चहात पडला असता. मी मूळ नोंदी काढल्या. तीनशेपन्नास, दहा, तीनशेचाळीस, वीस. सगळा वारा उत्तरेच्या दोन्ही अंगांनी घुटमळणारा. बेरीज करून भागलं की एकशेऐंशी. संगणकानं चोख काम केलं होतं. शून्य आणि तीनशेसाठ शेजारी राहतात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग हसू गेलं. ह्या नकाशावरून लोकांनी तुती लावली होती.

मी यवतमाळला जाऊन ठोंबरे साहेबांना गाठलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, हे संगणकानं काढलंय," म्हणाले.

"साहेब, जरा अंगणात येता का?"

आले बिचारे. मी एकेक नोंद वाचत गेले आणि ते त्या त्या दिशेला पाऊल टाकत गेले, बूट नवे होते तरी. कचेरीतली माणसं खिडकीत जमली. शेवटी साहेब उत्तरेच्या कुंपणाला जाऊन टेकले.

"दक्षिणेला काय आहे?" मी विचारलं.

"सायकलस्टँड."

"तिकडं एक तरी पाऊल पडलं का?"

 ते बूट झटकत म्हणाले, "गणित पटतंय. पण नकाशा मंजूर झालाय, लागवड झालीय. गणित एक सांगतं आणि शेत दुसरं, असं पुष्कळदा होतं. एका हंगामाचा निकाल येऊ द्या. कोष झाले नाहीत तर मी स्वतः नकाशा बदलेन." बोलणं वावगं नव्हतं. पण निकाल म्हणजे कुणाचं तरी घर, हे त्या अंगणात उभं राहून दिसत नव्हतं. इथं माझा आवाज चढला. त्याचा उपयोग झाला नाही, एवढंच सांगते.

निकाल पहिला लागणार होता तो राळेगाव तालुक्यातल्या वनिताकडं. ही तिशीतली बाई, नवरा एसटीत कंडक्टर, आठवड्यातून एकदोनदा घरी. शेत तीच बघायची. नवऱ्याचं म्हणणं, सोड ते शेत आणि यवतमाळला माझ्या खोलीवर राहायला ये. तिला ते नको होतं. तिनं सासूसमोर, नवऱ्यासमोर सांगितलं होतं, "मले एक पीक पाहू द्या. कोष नाही झाले तं मी सामान बांधतो." आमच्या वऱ्हाडात बायाही 'बांधतो'च म्हणतात, आणि बोललं की करतात.

तिच्या जमिनीचे दोन तुकडे. मधे तिच्या दिराची, गजाननची, पऱ्हाटी. पऱ्हाटी म्हणजे कापसाची झाडं. वनिताला तुती वरच्या, उत्तरेकडच्या तुकड्यात लावायची होती, कारण तिचं घर तिकडं. साहेबांनी नकाशा दाखवून ती खालच्या, दक्षिणेच्या तुकड्यात लावायला लावली. म्हणजे गजाननचा फवारा आणि वनिताची तुती यांच्यात आता फक्त उत्तरेचा वारा होता.

मी एसटीनं गेले, तिच्या ओट्यावर बसले आणि जे होतं ते सांगितलं. तिनं हातातला पाला खाली ठेवला.

"आता उपटू का झाडं?"

"उपटून आता काय होणार? पण वारा सकाळी लवकर पडलेला असतो. गजाननभाऊंनी तेव्हा फवारलं तर उडणार नाही. त्यांना सांगून बघ."

तिनं पाला परत उचलला. सासूनं आतून सांगितलं, की वाटणीत विहीर गजाननकडं गेली तेव्हापासून वहिनी-दिराचं बोलणं बंद आहे. पाण्याची पाळी पाळतात, पण तोंडानं एक शब्द नाही.

मग मीच गेले गजाननकडं. तो बांधावर बिडी ओढत बसला होता. उंच, रापलेला, डोक्यावर टोपी. त्याला मी वाऱ्याचं सगळं समजावलं. तो ऐकत होता आणि हसत होता.

"मॅडम, साऱ्या जिल्ह्यात लोकं अळ्या मारून राह्यले, अन् आमच्या घरी अळ्या पोसून राह्यले. त्यायच्यासाठी मी फवारा थांबवू? कायले?"

"थांबवू नका, फक्त सकाळी लवकर करा."

"सकायी पाल्यावर दव असते. औषध टिकत नाही, वाहून जाते. माणसं बी येत नाही तवा." बिडी विझवली त्यानं. "अन् गावात लोकं काय म्हणतीन? वयनीच्या किड्यायसाठी यानं आपली पऱ्हाटी सोडली. पाराजवळून जाऊ देतीन काय मले?"

दवाचं त्याचं खरं होतं. लोकांचंही खरं होतं. मी परत एसटीत बसले आणि सगळ्या रस्ताभर ठोंबरे साहेबांना मनातल्या मनात शिव्या घातल्या.

दिवाळीनंतर वनिताच्या शेडमध्ये अळ्या आल्या. मला चैन पडेना. रजेच्या दिवशी मी तिकडं जायला लागले. शेडमध्ये शिरताना पाय धुवावे लागत, बोलायचं हळू. योजनेच्या माणसांनी शिकवल्याप्रमाणं वनितानं एक पद्धत ठेवली होती. पाला तोडून आणला की सगळ्यांना लगेच घालायचा नाही. एका सुपात थोड्या अळ्या वेगळ्या ठेवायच्या, आधी त्यांना खाऊ घालायचं. त्या धडधाकट राहिल्या तर बाकीच्यांना. ती त्या सुपासमोर उकिडवी बसून राहायची, पदर तोंडाला लावून. एखादी अळी मान वर करून थांबली, की ती पुढं वाकायची आणि मीही. आयुष्यभर मी आकड्यांवर विश्वास ठेवला. आता मात्र आपला आकडा खोटा ठरावा, असं मला पहिल्यांदाच वाटत होतं.

एकदा सुपातल्या अळ्या गेल्या. मान आपटत, हिरवं पाणी ओकत. वनितानं तो सगळा पाला उचलून खड्ड्यात टाकला, वर माती लोटली आणि उरलेल्या अळ्यांना खालच्या टोकाचा, पऱ्हाटीपासून लांबचा पाला आणून घातला. रडली नाही. मला म्हणाली, "उद्या बी असंच झालं तं लांबचा पाला पुरणार नाही." त्या दिवशी वारा उत्तरेचाच होता. मी विचारलंही नाही, दिसतच होता.

पण दुसऱ्या दिवशी तसं झालं नाही. नंतरही नाही. पाला चांगला निघत राहिला. वारा तर बदलला नव्हता. केंद्रावर मी रोज वाऱ्याची दिशा दाखवणारा वातकुक्कुट पाहत होते, त्याची चोच उत्तरेला. मग फवारा कुठं गेला? एवढी हुशार मी, पण हे कोडं मला उलगडेना.

वातकुक्कुटाचं बेअरिंग झिजलं होतं. ते बदलून घ्यायला मी राळेगावला शब्बीरभाईंकडं गेले. बसस्टँडजवळ त्यांचं दुकान, फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. आमचा वातकुक्कुटही तेच सांभाळायचे आणि त्याला 'सरकारी मुर्गा' म्हणायचे. दुकानात कोपऱ्यात एक पंप पुसून ठेवलेला होता. त्यावर गजाननचं नाव रंगवलेलं.

"काय झालं याला?"

"कुछ नहीं हुआ मॅडमजी. एकदम चंगा है." त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि हात थांबवला. "गजाननभाऊ रख के गये. बोले, मैं आऊंगा तब देना. गाव का कोई पूछे तो बोलना, वायसर नहीं मिल रहा."

मी तिथंच स्टुलावर बसले. फवाऱ्याच्या ऐन दिवसांत एका कापूसवाल्यानं धड चालणारा पंप दुकानात ठेवावा, ह्याचा अर्थ शब्बीरभाईंनाही कळत होता आणि मलाही.  त्यांनी चहा मागवला.

गजानन मला परतीच्या वाटेवर फाट्यावर भेटला. पंप पाहिला म्हटल्यावर त्यानं टोपी काढली. "वरच्या अंगाले चुलतभावाचा पंप आणून मारलं मी. खाली, तुतीले लागून, राहू देलं. तुमी वयनीले सांगू नका. तिले वाटन मी उपकार करून राह्यलो. वयनी असं कोणाचं घेत नाही. तिले कळलं तं उद्याच अळ्या फेकून देते."

"पण तुमचं नुकसान?"

"व्हते नुकसान. साऱ्यायचंच होऊन राह्यलं." आणि तो जीपमध्ये बसून गेला.

मी शब्द दिला. त्या दिवशी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, की माणसाची सरासरी काढायच्या फंदात आपण पडू नये. नवरा म्हणाला, "हे तुला आत्ता कळलं?"

वनिताच्या अळ्या चंद्रिकेवर चढल्या. चंद्रिका म्हणजे त्यांना कोष विणायला दिलेली गोल जाळी. पांढरेशुभ्र कोष झाले, बोरांएवढे. सासूनं ओंजळीत घेऊन देवासमोर ठेवले. नवरा कंडक्टरच्या खाकी कपड्यातच धावत आला आणि शेडच्या दारात उभा राहिला, पाय धुवायचं विसरला म्हणून वनितानं त्याला आत घेतलं नाही.

सगळं गोड झालं असं वाटलं, आणि तिथंच घोळ झाला. थंडी सरता सरता राळेगावला मोठा मेळावा ठेवला. यवतमाळहून मोठे साहेब आले, वनिताला पुढच्या रांगेत बसवलं, हातात शाल-नारळ दिला. ठोंबरे साहेबांनी कोषांची परडी वर धरली आणि मागं भिंतीवर तो रंगीत नकाशा टांगला. म्हणाले, वाऱ्याचा अभ्यास करून जागा निवडली, त्याचं हे फळ. आता हाच नकाशा दारव्ह्याला आणि झरी जामणीपर्यंत पाठवायचा, पुढच्या पावसाळ्यात त्यावरून लागवड. टाळ्या झाल्या. ते खोटं बोलत नव्हते. निकाल येऊ द्या म्हणाले होते आणि निकाल आला होता.

मी उभी राहिले.  "नकाशा चूक आहे," मी म्हटलं. "नोव्हेंबरचा वारा उत्तरेचा असतो." मग शून्य, तीनशेसाठ, साइन, कोसाइन असं सगळं सांगितलं. अर्धा मांडव जांभया द्यायला लागला.

मोठे साहेब समजुतीनं म्हणाले, "मॅडम, मग कोष कसे झाले?"

ह्याचं उत्तर मला ठाऊक होतं आणि सांगायचं नव्हतं. झरी जामणीत उद्या कुणीतरी बाई अशाच सुपासमोर बसेल आणि तिच्या वरच्या अंगाला पंप ठेवून देणारा दीर नसेल, हे मला दिसत होतं. पण शब्द दिला होता. मी हातातल्या कागदाकडं बघत राहिले. इतकी लाचार मी नोकरीत कधी झाले नव्हते.

मागून आवाज आला. "साहेब, मी बोलू काय?"

गजानन होता. टोपी हातात. सगळे वळले.

"वारा वरूनच येत होता. मॅडम बरोबर सांगून राह्यल्या. मी फवारा मारला नाही, म्हणून कोष झाले. तुतीले लागून माही जेवढी पऱ्हाटी हाये, तिचे बोंडं अळीनं खाल्ले. पाहाचं असन तं चाला, गाडी बाहेर उभी हाये."

त्याच्याच गावातलं कुणीतरी ओरडलं, "अबे, तुहा तं पंप बिघडला होता नं?"

"पंपाले काहीच झालं नव्हतं," गजानन म्हणाला.

थोडे लोक हसले, मग हसणं थांबलं. ठोंबरे साहेब परडी हातात धरून उभे होते. त्यांनी ती टेबलावर ठेवली, नकाशा भिंतीवरून काढला आणि गुंडाळला. "सर, हा मी परत घेतो," मोठ्या साहेबांना म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "मॅडम, सोमवारी येतो. नोंदी काढून ठेवा." त्या क्षणी त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटला, आणि तो आजही आहे.

वनिता पुढच्या रांगेतून उठली. मागं वळली. वाटणीपासून तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं हे त्या मांडवात निम्म्या लोकांना माहीत होतं. ते सगळे आता तिच्याकडं बघत होते. तिनं शाल आणि नारळ खुर्चीवर ठेवला.

"भाऊजी," ती म्हणाली, "राह्यलेला कापूस एकट्यानं वेचू नका. उद्या सकायी मी येईन."

गजाननानं टोपी डोक्यावर घातली, परत काढली.

"बरं वयनी," तो म्हणाला.